श्रावणातली पिशवी

यकृताबद्दल इतक्या जिव्हाळ्यानं बोलणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नाही. माझे व्याही, म्हणजे सूनबाईचे वडील, औषधांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. मन मात्र तिथंच राहिलं होतं. पंगतीत शेजारचा जिलबी मागायचा, हे त्याला पोटात गेलेल्या गोळीचं पुढे काय होतं ते सांगायचे. शहाडला उल्हास नदीच्या काठी बसले की त्यांचे डोळे अर्धवट मिटत, आवाज पाण्यासारखा संथ होई. "व्याहीबुवा, आत एक कचेरी आहे बघा. मंद दिवे, संथ पंखे, आणि विकरं नावाचे कारकून. दारू येवो, औषध येवो, मोडून वाटेला लावायचं. रोज पिणाऱ्याकडे कारकून वाढतात. दारू असते तोवर तिच्यात गुंतलेले. ती थांबली की सगळे रिकामे हात डोकेदुखीच्या गोळीवर पडतात आणि तिचंच विष करून ठेवतात. ते निस्तरणारा झाडूवाला दारूनं आधीच दमवलेला!" मी नुसता हुंकार भरायचो. माझी बाटली कपाटात कपड्यांमागे असते, हे एकट्या त्यांना ठाऊक होतं.

एका वर्षी गटारीच्या दुसऱ्या दिवशी, श्रावणाच्या पहिल्या सकाळी, ते कल्याणहून ठाण्याला, नौपाड्यातल्या आमच्या घरी हजर. मी दारू सोडायची शपथ घेऊन, ठणकतं डोकं धरून, तळहातावर चार गोळ्या घेऊन बसलेलो. "ठेवा खाली!" गोळ्या त्यांच्या खिशात गेल्या, उरलेली बाटली पिशवीत. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आली. पिशवीतून बाटलीचं तोंड डोकावत होतं.

"बाबा, तुम्ही पिता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे.

"अगं, म्हातारपणी एखादी चूक होते," ते म्हणाले.

मी पुन्हा थेंब घेतला नाही, पण बोललोही नाही. दर श्रावणात ते यायचे आणि माझी उशी उचलून गोळ्या शोधायचे. सूनबाई त्यांची पिशवी तपासायची. तेही निमूट उघडून धरायचे. "नीट बघ हो. तळाशी केळी आहेत, चेंगरतील."

आज श्रावणाचा पहिला दिवस. ते आता या जगात नाहीत. सकाळी मी सूनबाईला सांगितलं, ती बाटली माझी होती. ती खिडकीशी गेली.

"अप्पा, मी किती वर्षं त्यांची पिशवी तपासली हो."

मग जवळ आली, माझी उशी उचलली, खालची गोळ्यांची पट्टी घेतली आणि आपल्या पर्समध्ये टाकली.