जिवंत माशाची पारख

माझ्या जावयाने मला नदीत पाडलं, असं आमच्या घरात सर्वमान्य आहे. ते खोटं आहे. वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी आता खरं सांगून टाकतो.

२००४च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे, अमेरिकेत शॉमबर्गला गेलो होतो. जावई समीरराव पुण्याचे, पक्के शाकाहारी, आणि छंद काय, तर मासेमारी! दर शनिवारी गाडीच्या टपावर कनू बांधून (होडीची सडपातळ, चंचल धाकटी बहीण!) ते दोन तासांवरच्या एका लहानशा नदीवर जायचे, स्मॉलमाउथ बास नावाचा मासा पकडायचे आणि परत पाण्यात सोडून द्यायचे!

"सोडता?" मी जन्माचा अलिबागकर. "मग पकडता कशाला?"

"त्यातच मजा असते, बाबा."

"आणि कालवणातली मजा?"

वीस इंची बास मिळावा म्हणून ते तीन उन्हाळे झुरत होते. त्या शनिवारी मला कनूत पुढे बसवून त्यांनी एकच नियम सांगितला. "बाबा, काहीही झालं तरी उभं राहायचं नाही."

"अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पाणी इतकं नितळ, की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. माझी मुलगी वैशाली आणि नात रिया काठावर सँडविचेस मांडत होत्या. एवढ्यात समीररावांची गळाची काठी वाकली. पाच मिनिटं नुसती झुंज! शेवटी त्यांनी मासा जाळीतून कनूत घेतला.

"बाबा! वीस तर असेलच! मोजतो, एक फोटो काढतो आणि लगेच सोडतो."

पण माझ्या हातांना बाजारातली चाळीस वर्षांची सवय. मासा दिसला की कल्ला उघडून बघायचा. लाल असेल तर ताजा. (तो समोर थयथय उड्या मारतोय, हा पुरावा मला पुरेसा वाटला नाही!) मागे वळून वाकलो, नीट दिसेना, म्हणून उभा राहिलो.

"बाबा, बसा! अहो बाबा—"

मी कल्ला उघडला. माशाने शेपटी हाणली. कनू उलटली!

"बुडालो! वैशू, मी बुडालो!"

"आजोबा," काठावरून रिया ओरडली, "जस्ट स्टँड अप!"

उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढं होतं. मासा निघून गेला होता, न मोजता.

वैशाली धावत आली. "समीर! बाबांना पोहता येत नाही, माहितीये ना तुला? इतका केअरलेस कसा रे तू?"

समीररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसू लागलो. (चष्मा नदीतच गेला होता!)

"सॉरी," ते म्हणाले, "माझाच बॅलन्स गेला."

वैशालीने कनू गॅरेजमध्ये टांगायला लावली. गाडी आत घेताना समीरराव रोज एकदा वर बघायचे. मी शेजारी बसून सीटबेल्टशी खेळायचो. पुढे चार वर्षांनी त्यांनी कनू शेजाऱ्याला देऊन टाकली.

परवा त्यांना फोन केला. "समीरराव, मी वैशूला सगळं खरं सांगणार आहे."

"राहू द्या हो बाबा, इतकी वर्षं झाली." मग हळूच म्हणाले, "पण एक विचारू? तुम्ही तर अगदी जवळून बघितलात. किती इंच असेल हो?"

लांबीकडे मी पाहिलंच नव्हतं!

"इंच काही लक्षात नाही," मी म्हणालो, "पण कल्ला लालभडक होता. मासा एकदम ताजा!"