खिळ्याची बाजू बदलली

बायकोला स्मशानात पोचवून आल्यावर चौथ्या दिवशी खिळा कामावर हजर झाला. कोणी फारसं काही बोललं नाही. पत्र्याच्या डब्यांच्या त्या कारखान्यात बोलायची सोयही नव्हती. प्रेस शॉपमध्ये बारा मशिनं एका वेळी पत्रा ठोकायची आणि दर ठोक्याला एक झाकण खालच्या जाळीत पडायचं. त्याने कानात बुचं घातली, पत्रा सरकवला, पायाखालची पट्टी दाबली. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि संपवला. काय खाल्लं ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

खिळा हे त्याचं कारखान्याच्या फुटबॉल संघातलं नाव. चौदा वर्षं तो उजवा फुलबॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू होता. वेगाचं म्हणाल तर आनंदच होता. मैदानाला चकरा मारताना तो नेहमी शेवटून दुसरा, आणि शेवटचा गोलकीपर. पण त्याला चुकवून जाणं अवघड होतं. एकदा जागा धरली की धरली. म्हणून खिळा.

घरी आता दोघंच होती, तो आणि सासूबाई. आपल्या मुलीच्या आजारपणात त्या मदतीला आल्या होत्या, अकरा आठवडे. मुलगी गेली आणि त्या राहिल्या. दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत सासूबाई, बाहेर सोफ्यावर तो. सासूबाई अंगाने लहानखुऱ्या आणि आवाजाने त्याहून लहान. सकाळी चहाचा कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवायच्या, जरा थांबायच्या आणि परत ओट्याकडे वळायच्या. तो चहा प्यायचा आणि निघायचा.

त्याला दुःख झालं नव्हतं असं नाही, पण ते सापडत नव्हतं. दात काढताना भूल दिली की गाल आपलाच असतो, हाताला लागतो, पण चावला तरी कळत नाही, तसं सगळं झालं होतं. शेजारी म्हणाले, टिपूसही गाळलं नाही याने. ते खरंच होतं.

तीन आठवड्यांनी कागद गिरणीच्या संघाशी सामना होता. घरी राहून काय करायचं, म्हणून तो गेला. समोरचा, कडेने चढाई करणारा विंगर बारीक होता, पण पाय असे की जमिनीला लागतात की नाही शंका यावी. पहिल्या अर्ध्या तासात तो खिळ्याच्या पाठीमागून दोनदा निसटला आणि दोन्ही वेळा गोल झाला.

मधला बचावपटू होता फोर्कलिफ्ट चालवणारा. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. तो ओरडला की पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळून बघायची. दुसऱ्या गोलनंतर तो खिळ्याच्या अंगावर धावून आला.

"आत ये, आत ये म्हणून घसा फुटला माझा! कुठे लक्ष आहे तुझं?"

"ओरडलास?"

"ओरडलास म्हणजे? अरे, पलीकडच्या गोलकीपरने ऐकलं!"

मग भोंग्याला एकदम आठवलं की या माणसाची बायको गेलीय. त्याने मान खाली घातली. "जाऊ दे," म्हणाला.

बाकीच्यांनीही तेच धरलं. बिचाऱ्याचं चित्त ठिकाणावर नाही. फक्त एका माणसाला ते पटलं नाही. संघाचं प्रशिक्षण बघायचे ते कारखान्याचे स्टोअरकीपर, साठीला टेकलेले, कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. सोमवारी त्यांनी खिळ्याला स्टोअरमध्ये बोलावलं.

"त्या वरच्या फळीवरची खोकी मोज रे जरा."

खिळा मोजू लागला. स्टोअरकीपर त्याच्या डाव्या अंगाला, जरा मागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा फरशीवर टाकला. दारातला शिपाई दचकला. खिळा कसल्याशा आवाजाने उजवीकडे वळून बघू लागला.

"कधीपासून?" स्टोअरकीपर समोर येऊन म्हणाले.

"दोन वर्षं होतील. आधी शिट्टी वाजायची आत. मग तीही बंद झाली."

"कोणाला सांगितलंस?"

"तिला माहीत होतं."

तिला माहीत होतं म्हणजे, ती कायम त्याच्या उजव्या बाजूने चालायची. कोणी डावीकडून बोललं की तेच वाक्य ती सहज आपल्या तोंडी घेऊन पुन्हा म्हणायची. "आई म्हणतेय, दूध संपलंय." "शेजारचे विचारताहेत, पाणी आलं का." लोकांना वाटायचं, बाईला बोलायची हौस आहे. दोन वर्षं तिने हे इतकं बेमालूम केलं की खुद्द तिच्या आईला कळलं नाही.

"उजव्या फुलबॅकची डावी बाजू म्हणजे सगळं मैदान," स्टोअरकीपर म्हणाले. "भोंगा तिकडे, कीपर तिकडे, बोलणारे सगळे तिकडे. आणि तुझा चांगला कान कुठे? टचलाइनकडे. तिथे काय गवत बोलणारे तुझ्याशी?"

"मग थांबतो खेळायचा."

"थांबायचं कोण म्हणालं? डावीकडे जा."

छत्तिसाव्या वर्षी खिळा डावा फुलबॅक झाला. ऐकायला ते सोपं वाटतं. पण चौदा वर्षांत अंगाला जे वळण लागलं होतं, ते सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करायचं होतं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, पाळी सुटल्यावर, स्टोअरकीपर त्याला मैदानाच्या डाव्या कडेला उभं करायचे. समोरून पळायला डिस्पॅचमधला एक चपळ कारकून.

"उजवा पाय पुढे, डावा मागे. अंग तिरपं. छाती काढून सरळ उभा राहिलास तर तू वळेपर्यंत तो घरी जाऊन हातपाय धुईल."

खिळा तिरपा झाला.

"आता त्याच्या आणि गोलच्या मध्ये ये. अगदी रेषेवर नको, जरासा आत. बाहेरची वाट त्याला दिसू दे. बाहेर काय आहे? मैदान संपतं. आत काय आहे? गोल. त्याला संपणाऱ्या बाजूला धाड."

"अंतर?"

"बाकीच्यांना दोन ढांगा. पळणाऱ्याला चार. आणि त्याच्याकडे चेंडू यायच्या आधी मागे सरकायला लाग. चेंडू आल्यावर सरकलास तर शर्यत लागली, आणि शर्यत तू हरणार. तुझं आयुष्य गेलं त्यात."

कारकून यायचा, खांदे हलवायचा, पाय चेंडूवरून गरगर फिरवायचा. खिळ्याचा डावा पाय आपोआप पुढे पडायचा आणि कारकून आतून निसटायचा. परत. पुन्हा परत.

"पायांकडे बघू नकोस, पाय खोटं बोलतात. चेंडूकडे बघ. त्याने चेंडू जरा लांब ढकलला की मग घुसायचं, तोवर नाही. तोवर नुसतं मागे मागे जायचं. आणि खेळ पलीकडच्या बाजूला असेल तेव्हा इथे लाइनीला चिकटून राहू नको. आत सरक, भोंग्याच्या रेषेत ये. एका नजरेत चेंडू, एका नजरेत तुझा माणूस. मान फिरती ठेव."

खिळा सगळं करायचा. कंटाळायचा नाही, चिडायचा नाही, खूशही व्हायचा नाही. सहा आठवड्यांनी कारकून आतून जायचा बंद झाला. स्टोअरकीपरांनी पाठीवर थाप मारली. "जमलं," असं खिळा म्हणाला, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं.

घरी मात्र काही बदललं नव्हतं. कप डाव्या हाताशी यायचा. सासूबाई थांबायच्या. वळायच्या.

बस डेपोच्या संघाशी सामना रविवारी सकाळी होता. त्यांचा उजवा विंगर होता एक कंडक्टर, त्याचं नाव पारा. धरायला गेलं की सुटतो म्हणून. मोसमात त्याचे अकरा गोल झाले होते.

पहिल्यांदा चेंडू पाऱ्याकडे आला तेव्हा खिळा आधीच पाच पावलं मागे होता. पारा थांबला. खांदा टाकला. खिळा हलला नाही. पारा बाहेरून सुटला. खिळा आतल्या अंगाने, त्याच्याहून हळू पण कमी वाटेने पळत राहिला, आणि कोपऱ्याशी पाऱ्याने मारलेला चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. पुढच्या खेपेला पारा आत वळायला बघू लागला, तर तिथे खिळा उभा. भोंग्याचा आवाज आता उजव्या कानात स्वच्छ येत होता. "सोड! मी आहे! आता आत!" प्रत्येक शब्द. दोन वर्षांनी त्याला पुन्हा ऐकू आलं की भोंगा खेळताना सतत शिव्याही देतो.

उत्तरार्धात एकदा पाऱ्याने चेंडू खिळ्याच्या पायांतून काढलाच. खिळा वळला, मागे पडला, पण शर्टाला हात घातला नाही आणि पायही टाकला नाही. नुसता गोलच्या दिशेने पळत राहिला. पाऱ्याला कोन बारीक होत गेला आणि त्याचा फटका बाजूच्या जाळीला बाहेरून लागला. सामना शून्य-शून्य सुटला. पाऱ्याने येऊन हात मिळवला. "काका, तुम्ही चिडतच नाही हो," तो म्हणाला. "माणूस चिडला की चुकतो. तुमचं काही कळेचना."

भोंग्याने त्याला उचलायला बघितलं. खिळ्याला वाटलं, आता आनंद व्हायला हवा. त्याने थोडी वाट बघितली. मग बूट काढून घरी निघाला.

दारात पेटी होती. मेहुणा सोफ्यावर बसला होता, गाडीची किल्ली हातात घेऊन. सासूबाई शाल पांघरून तयार.

"आईला नेतोय," मेहुणा म्हणाला. "तुम्हाला त्रास नको."

"कसला त्रास?"

मेहुण्याचा आवाज चढला. "दोन महिने ती तुमच्याशी बोलतेय आणि तुम्ही एक अक्षर बोलत नाही. मला फोनवर रडली. नको असेल तर तसं सांगायचं माणसाने."

खिळा सासूबाईंकडे बघत राहिला. त्या खाली बघत होत्या.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही," तो म्हणाला. "आई, तुम्ही डावीकडे उभ्या राहता."

मग सासूबाईंचे ओठ हलले. या वेळी त्या समोर होत्या. "म्हणून ती सारखी माझंच बोलणं परत म्हणायची होय..." आणि त्यांनी शाल तोंडाला लावली.

"काय विचारत होतात रोज?" खिळा म्हणाला.

"काही नाही रे. झोप लागली का, एवढंच."

"नाही लागत," तो म्हणाला.

मेहुण्याने चहा घेतला आणि एकटाच परत गेला. पेटी आत नेताना खिळ्याला ती फार हलकी लागली.

पुढच्या आठवड्यात सासूबाईच त्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या, उजव्या बाजूने चालत. तपासणीची खोली कपाटाएवढी होती, भिंतींना फोम लावलेला. कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. तंत्रज्ञ बाई काचेपलीकडे बसल्या होत्या. आवाज ऐकू आला की दाबा, म्हणाल्या. उजव्या कानात बारीक बारीक टूं टूं येत होतं, तो दाबत होता. मग डावा कान सुरू झाला. तो वाट बघत बसला. काहीच येईना. इतकी शांतता त्याने कधी ऐकली नव्हती. प्रेस नाही, भोंगा नाही, घर नाही.

बाईंनी काचेचं दार उघडलं. "बरं वाटत नाही का?"

"का?"

"तुम्ही रडताय."

त्याने गालाला हात लावला. ओला होता. शर्टाची कॉलरही ओली होती, म्हणजे बराच वेळ झाला असणार. बाईंनी कागदी रुमाल दिला आणि थांबल्या.

"पुन्हा सुरू करू की नंतर याल?"

"करा," खिळा म्हणाला, आणि बटण हातात घट्ट धरलं.