हरिदासचं धुराडं

माझ्या नवऱ्याला घरातला गळका नळ बदलता येत नाही, पण पाणी कसं घुसळतं यावर तो तासभर बोलू शकतो, ऐकणारा जांभया देत असला तरी. हरिदास दिल्लीत मुनिरक्याजवळच्या एका संस्थेत प्रयोग करायचा. गोल फिरणाऱ्या टेबलावर काचेची टाकी, खाली मिठाचं जड पाणी, वर साधं हलकं. वरचा थर जोरात पळवायचा आणि बघत बसायचं. थर एकमेकांवर घासले की मध्ये भोवरे उठतात. पण खालचं पाणी चांगलं जड असेल तर त्यांना वर-खाली जाता येत नाही, ते चपटे होऊन आडवे पसरतात. हे मला झोपेतही म्हणता येईल, इतकं ऐकलंय.

आमच्या अवनीला दमा. दिल्लीच्या थंडीत दिवस कलला की तिची छाती वाजायला लागायची. हरिदासचं म्हणणं, थंडीत हवासुद्धा त्या टाकीसारखीच होते. गार, जड हवा जमिनीला चिकटते, उबदार हवा वर झाकणासारखी बसते आणि धूर खाली कोंडतो. म्हणून घर उंचावर हवं. तेव्हा गुडगावात नव्या सोसायट्या उठत होत्या, जो तो कर्ज काढून फ्लॅट घेत होता. आम्हीही घेतला, आठव्या मजल्यावर. पहिल्या थंडीत अवनी खरंच बरी राहिली. झालं! साहेबांची मान जी ताठ झाली ती झालीच.

गुडगावातली वीज म्हणजे आनंदच होता. संध्याकाळी ती गेली की सोसायटीचे जनरेटर सुरू व्हायचे आणि डिझेलचा धूर तळमजल्यावरच्या घरांत शिरायचा. सेक्रेटरी विलास तिथेच राहायचा. सोसायटीत आमच्याशिवाय तेवढंच मराठी घर. त्याची आई खोकून बेजार झाली, तेव्हा त्याने मीटिंग बोलावली. मी हरिदासला बजावलं होतं, तिथे तोंड उघडू नकोस. पण छे! उभा राहिला आणि हिंदीत व्याख्यान झोडलं. जनरेटरचं धुराडं पाच मजले वर न्या, गार थर ओलांडला की धूर परत खाली येणारच नाही, बिल्कुल गॅरंटी. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि महिन्याभरात धुराडं वर चढलं.

धूर खाली आला नाही, हे खरं. गरम होता तोवर चढला, वरच्या उबदार हवेत अडला आणि आमच्या बाल्कनीसमोर आडवा पसरला. हा माणूस वर्षानुवर्षं हेच काचेतून बघत आलाय, आणि आपण राहतो कुठल्या मजल्यावर हे त्याला आठवू नये? कर्म माझं!

त्या संध्याकाळी मी खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबत होते आणि हा काचेला नाक लावून धूर किती सपाट पसरलाय ते मला दाखवत होता. असा संताप आला मला. वर म्हणाला, घाबरू नकोस, वर वारा असतो, पृथ्वीच्या फिरण्याने त्याला वळण लागतं, त्याचा जोर वाढला की थर फुटतो आणि सगळं साफ होतं.

अवनी दम्याचा पंप हातात घेऊन पलंगावर बसली होती. शब्दाशब्दाला श्वास घेत तिने विचारलं, "बाबा, कधी फुटेल?"

हरिदासने काचेवरून नाक काढलं. "सांगता येत नाही गं. कुणालाच नाही येत."

मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता विलासला सांग, ते धुराडं उतरव. तर म्हणे, मग त्याच्या आईचं काय? त्याचं बरोबर होतं, म्हणून मी आणखीच चिडले. त्याने अवनीला शालीत गुंडाळलं आणि उचलून खाली विलासकडे नेलं. मी मागोमाग पंप घेऊन.

विलासच्या आईने पलंगावर सरकून जागा केली. "ये गं बाळा, पड इथे. आता कशी छान हवा झालीय आमच्याकडे. तुझ्या बाबांचेच उपकार."

हरिदास दाराबाहेरच उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.