दादाच्या मागे पळताना

साठी उलटेपर्यंत नलिनी वैरागडे कधी बसच्या मागेही धावली नव्हती. बस सुटली तर ती पर्स काखेत धरून पुढच्या बसची वाट बघत उभी राहायची. सरकारी कचेरीतली सगळी नोकरी तिने अशीच केली होती, सावकाश आणि बिनबोभाट. लग्न जमता जमता दोनदा मोडलं, मग तो विषयच राहून गेला. रिटायर झाल्यावर ती भोपाळमध्येच, बाग सेवनियात, थोरल्या भावाकडे राहायला आली. भाऊ हेमंत भेलच्या कारखान्यात इंजिनियर होता. त्याची बायको वारली होती आणि मुलगा चिन्मय बंगळुरूला नोकरीत होता. बहीणभाऊ एकाच शहरात दोन घरांत एकटे कशाला राहायचे, म्हणून तिने बोचकी बांधली, एवढंच.

पहिली काही वर्षं चांगली गेली. मग हेमंतचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग बायको गेल्याचंच. "ही कुठे गेली गं?" असं तो सकाळी चहा घेताना विचारायचा. नलिनी खरं सांगायची, आणि रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखा त्याचा चेहरा उतरायचा. शेवटी तिने खोटं बोलायला सुरुवात केली. "बाहेर गेलीय, येईल."

ऊन उतरलं की त्याला घरी जायची घाई व्हायची.

"दादा, अरे हेच आपलं घर."

"हे नव्हे. तुलसी नगरचं. आई वाट बघत असेल."

मध्य प्रदेश हे नवं राज्य झालं तेव्हा वडील कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले होते. तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्येच दोघं लहानाची मोठी झाली. ते क्वार्टर सोडूनही जमाना लोटला होता. पण हेमंतच्या डोक्यात आता तेवढंच एक घर शाबूत होतं.

एकदा हाटाच्या दिवशी नलिनी त्याला बिट्टन मार्केटला घेऊन गेली. मेथीची जुडी निवडायला ती वाकली आणि वर बघते तो दादा शेजारी नाही. "अम्मा, अंकल तो उधर निकल गए," भाजीवाली म्हणाली. गर्दीपलीकडे रस्त्यावर त्याचा पांढरा सदरा दिसत होता. तो ताडताड चालत होता. तरुणपणापासून त्याची चाल तशीच होती. नलिनी हाका मारत धावली. थोडं अंतर गेली असेल, तेवढ्यात कुशीत कळ आली, चप्पल पायातून निसटली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. एका दुकानाच्या पायरीवर बसून ती सदरा लहान लहान होताना बघत राहिली. तिला उठताच येईना.

दादा सापडला तेव्हा अंधार पडला होता. तुलसी नगरात कुणाच्या तरी बंद दारासमोर बसला होता आणि कपाळाला खोक पडली होती. ज्या रिक्षावाल्याने पोलिसांना कळवलं, त्याला तो आईचं नाव सांगत होता.

त्यानंतर तिने दाराला कुलूप लावून पाहिलं. हेमंत दोन्ही हातांनी दार बडवत राहिला. "अहो, उघडा कुणीतरी! मला घरी जाऊ द्या हो!" तो तिलाच अहोजाहो करत होता. दुसऱ्या दिवशी त्याचे सुजलेले हात बघून तिने कुलूप कपाटात टाकलं, ते पुन्हा बाहेर काढलं नाही.

चिन्मयला फोनवर ती म्हणाली, "मी पळायला शिकणार आहे."

"आत्या, काय बोलतेयस? या वयात? तुझंच हाड मोडलं तर तुम्हा दोघांचं कोण करणार? मी एक जागा बघितलीय, तिथे अशा पेशंटना नीट ठेवतात."

"ठेवायला तो काही सामान नाही रे."

तिला आपण जास्त बोललो असं वाटलं, पण शब्द काही परत घेतला नाही.

पलीकडच्या गल्लीत वंदना घोरपडे राहायच्या. शाळेत खेळ शिकवून रिटायर झालेल्या बाई. नलिनीने त्यांना गाठलं. वंदनाताईंनी तिला आधी डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं, मग बूट घ्यायला लावले, आणि एका पहाटे कॉलनीच्या मैदानावर उभं केलं. हेमंतला बाकावर आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"हं, पळा आता. त्या कडुलिंबापर्यंत."

नलिनी जीव खाऊन सुटली आणि निम्म्या वाटेतच छाती धरून उभी राहिली.

"ताई, तुमच्या मागे कुत्रं लागलंय का?" वंदनाताई ओरडल्या. "इतकं हळू पळा, की पळताना माझ्याशी भांडता आलं पाहिजे. दम लागला की चाला. चालण्यात लाज नाही."

बाकावरून हेमंत टाळ्या पिटत होता. "नली हरली! नली हरली!"

पहिले काही आठवडे नलिनीला पळण्याचा मनस्वी राग यायचा. नडग्या ठणकायच्या, सलवार पायात यायची. फिरायला येणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि पुढे जाऊन हसायच्या. रात्री पायांना तेल चोळताना ती मनात म्हणायची, दादा, तू गप घरात बसला असतास तर मला हे थेर करावे लागले असते का? आणि लगेच तिलाच कानकोंडं व्हायचं.

तरी ती जात राहिली. कडुलिंबापर्यंत, मग कडुलिंबापुढच्या भिंतीपर्यंत. आणि थंडीतल्या एका सकाळी काहीतरी वेगळंच झालं. पाय आपापले पडायला लागले. श्वास त्यांच्याबरोबर आत-बाहेर व्हायला लागला, आणि तिला कुठेच काही ओढून न्यावं लागेना. गार वारा कानांना झोंबत होता आणि तो चक्क बरा वाटत होता. अख्खी फेरी तिच्या मनात दादा नव्हता, औषधं नव्हती, दुपारचा स्वयंपाक नव्हता. बाकाजवळ येऊन थांबली तेव्हा ती हसत होती.

"जमलं?" वंदनाताईंनी विचारलं.

"आवडलं," नलिनी म्हणाली. चोरी पकडल्यासारखं तिला झालं. भाऊ असा झालेला, आणि आपल्याला सुख कसलं होतंय?

होळीच्या सुमाराला हेमंत पुन्हा निघाला. गेट वाजल्याचं ऐकून तिने हातातलं पीठ तसंच झटकलं, बूट चढवले आणि गल्लीचं टोक यायच्या आत त्याला गाठलं. आता त्याचा दंड धरायचा आणि मागे वळवायचं, एवढंच बाकी होतं. पण त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा सगळा चेहरा उजळला.

"नले! पकड बघू!"

आणि एकाहत्तर वर्षांचा तो माणूस पळायला लागला. लेंग्याची नाडी लोंबतेय, केस उडतायत, आणि मधूनमधून मागे वळून बघतोय. नलिनीने हात पुढे केला नाही. ती त्याच्या मागोमाग पळू लागली. लहानपणी तुलसी नगरच्या घरासमोरच्या उतारावर रोज संध्याकाळी हीच शर्यत लागायची. ती सहा वर्षांनी लहान, म्हणून रोज हरायची. पुढे ती मोठी झाली तशी आईने तिचं पळणं बंद केलं आणि शर्यत तिथेच राहिली. नलिनी हे सगळं विसरून गेली होती. सगळं विसरत चाललेल्या दादाला तेवढं आठवत होतं.

"दादा, इकडून! घर इकडून जवळ!" तिने उजव्या हाताची गल्ली दाखवली. तो वळला. पुन्हा उजवीकडे, पुन्हा एकदा. अशी कॉलनीला वळसा घालून दोघं आपल्याच गेटपाशी आली.

"पोचलो," हेमंत धापा टाकत म्हणाला. "आई, पाणी दे गं!"

पाणी नलिनीने आणून दिलं. तो गटागटा प्यायला आणि शांत झोपला.

तेव्हापासून तिने त्याला अडवणं सोडून दिलं. तो निघाला की तीही निघायची. तिच्या पायांत आता त्याच्यापेक्षा जास्त बळ होतं, पण ती कधी त्याच्या पुढे गेली नाही. जिंकल्यावर तो असा काही हसायचा की गल्लीतली माणसंही हसायची. त्या उन्हाळ्यात तिला जेवढा भाऊ मिळाला, तेवढा मधल्या पन्नास वर्षांत मिळाला नव्हता. तिला हेही कळत होतं, की हा भाऊ थोड्याच दिवसांचा आहे.

दिवाळीच्या आसपास त्याचे पाय घासत पडायला लागले. शर्यत चालण्यावर आली, मग हात धरून चालण्यावर. एका संध्याकाळी तो गेटच्या पायरीवर उभा राहिला. खाली उतरण्यासाठी त्याने पाय उचलला आणि तो कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. पाय तसाच अधांतरी. त्याने घाबरून तिच्याकडे पाहिलं.

"नले, हे कसं करायचं?"

तिने खाली बसून त्याचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि खालच्या पायरीवर टेकवला. "असं, दादा." पण दुसरा पाय काही उचलला गेला नाही. डॉक्टर म्हणाले, डोकं आता चालणंही विसरतंय, यावर औषध नाही.

हेमंत अंथरुणाला खिळला. नलिनीने बूट पलंगाखाली सारले. वंदनाताई अधूनमधून यायच्या.

"मी बसते यांच्याजवळ. तुम्ही एक फेरी मारून या."

"कुणाच्या मागे पळू, वंदनाताई?" नलिनी म्हणायची, आणि पुन्हा त्याच्या टाचांना मलम लावायला लागायची.

थंडी सरता सरता त्याच्या छातीत कफ भरला. चिन्मय धावत आला. शेवटच्या दोन दिवसांत हेमंत काहीच बोलला नाही. नलिनी उशाशी बसून "दादा, मी आलेय मागे, तू हो पुढे," असं म्हणत राहिली. त्याला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पहाटे तो गेला.

दिवसकार्य उरकल्यावर चिन्मय बॅग भरत म्हणाला, "आत्या, चल माझ्याकडे. एकटी काय करशील इथे?"

"सवयीचं गाव आहे रे. बघू, पुढच्या वर्षी."

"त्या जागेबद्दल मी बोललो होतो ना," तो बॅगेची चेन ओढत म्हणाला. "बरं झालं ऐकलं नाहीस."

तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो गेल्यावर घरात इतकी शांतता झाली, की तिन्हीसांजेला तिचेच कान गेटकडे लागायचे.

मग एका सकाळी ती मैदानावर गेली. कुणी बोलावलं नव्हतं. बाकावर दुसरीच माणसं बसली होती. तिने पळायला सुरुवात केली आणि पाय जडशीळ झालेले असूनही दुसऱ्या फेरीला तीच लय आली, तोच झोंबरा वारा, तीच छाती मोकळी होण्याची जाणीव. पळणं तिला आवडत होतं. ज्याच्यासाठी शिकली तो राहिला नव्हता, आणि तरी ते आवडत होतं. हे तिला सहन होईना. पळता पळताच रडू फुटलं. पण एकाच छातीत दोन्हीला पुरेल एवढा श्वास नव्हता. तिला थांबावं लागलं. भिंतीला हात टेकून ती मनसोक्त रडली. दोन-तीन माणसं वळून बघत पुढे गेली.

मग तिने ओढणीने तोंड पुसलं, दम खाली बसू दिला, आणि हळू, अगदी हळू, पुन्हा पळायला लागली.