हेडसरांच्या माठातला मासा

परवा उधन्याच्या बाजारात दाढी करून घेतली. न्हाव्याने गालावर तुरटी फिरवली आणि त्या गार झोंबण्यासरशी मी थेट चौथीच्या वर्गात जाऊन पडलो.

वर्गात खिडकीपाशी काचेच्या बरणीत एक लाल मासा होता. त्या दिवशी पाणी बदलायची पाळी माझी. घरी आई टँकरच्या गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची. मग आमच्या माशाने काय घोडं मारलं होतं? घरून आणलेला खडा मी बरणीत चांगला घोटला. पाणी आरशासारखं झालं आणि मासा आडवा झाला.

"गया अपना मासा!" पोरं ओरडली. हेडसर आले. "मेला तो. गटारीत टाकून ये."

"नाही टाकणार. कल्ले हलताहेत त्याचे," म्हणत मी बरणी उचलून पळालो. शाळेत स्वच्छ पाणी एकाच जागी होतं, हेडसरांच्या पिण्याच्या माठात. मासा तिथेच सोडला. जरा वेळाने तो सरळ पोहू लागला.

सरांनी माझा कान धरला. "माफी माग!"

"माशाची मागतो, सर. तुमची नाही."

शाळा सुटेपर्यंत मी व्हरांड्यात उभा. त्या उकाड्यात सर दोनदा पेला घेऊन माठापाशी आले, आत डोकावले आणि तसेच परतले. तेव्हा वाटलं, हरले! आज कळतं, माठ उपडा करायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं.

तरी माफी नाहीच. भेटले तर उसाचा रस पाजीन, तोही बळजबरीने.