इब्रात राहिलेली निळी वही

विमानतळावरच्या रांगेत आईने मला पंचशील पुन्हा एकदा म्हणून दाखवायला लावलं. मागे नोकरीवर निघालेले कामगार उभे होते, म्हणून मी पुटपुटल्यासारखंच म्हटलं. "चौथ्या शीलावर घाई करतेस," आई म्हणाली.

तिचा भाऊ, म्हणजे माझा मामा, ओमानमध्ये मस्कतला इंजिनिअर. तिथून काही तासांवरच्या सूर बंदराजवळ गॅस प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं आणि तिथे महाराष्ट्रातली दहा-बारा बौद्ध कुटुंबं राहत. घरून कुणी पाहुणा आला की शुक्रवारची वंदना त्याने सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची, असा त्यांचा रिवाज. "या वेळी आमची भाची," मामाने पत्रात लिहिलं होतं. इंग्रजी शाळेत शिकलेली मी चारचौघांत मराठीत तोंड उघडायला कचरते. पण वंदना मला पाठ होती. मिरवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

विमानातून मस्कत दिसलं ते काळपट डोंगरांच्या पायाशी सांडलेल्या चुन्यासारखं. संध्याकाळी मामीने मत्रहच्या बाजारात नेलं. लोबानाच्या धुरात एक कच्छी दुकानदार पितळी वाडगे पुसत बसला होता. माझी मामेबहीण सायली, वय सोळा, तिने एक वाडगा उचलला.

"ताई, जपानीत ह्याला हाची म्हणतात. आपलं पात्र आहे ना, भिक्खूंचं? तेच ते. चायनामधून गेलं."

"तुला कोणी सांगितलं?"

"केइको-सान. जपानी आहे, सूरच्या प्रकल्पावर असते. तिचे आजोबा भिक्खू होते. मी सगळं लिहून ठेवलंय."

मी वाडगा हातात घेतला आणि परत ठेवला. जड होता.

गुरुवारी सकाळी आम्ही सूरला निघालो. रस्ता डोंगरांमधून जातो. मध्येच खजुरांची हिरवी पट्टी आणि तिला पाणी देणारा फलज (डोंगरातून आणलेला पाट) दिसतो, मग पुन्हा नुसता दगड. मामा गाडी चालवता चालवता म्हणाला, "सायले, ताईला सांग की तुझे शब्द."

सायलीने निळी वही उघडली. आपला क्षण जपानात सेत्सुना झाला. संघाचा चिनी भाषेत सेंग. ध्यानाचं चीनमध्ये चान आणि जपानात झेन. सुशीच्या भाताला शारी म्हणतात. मूळ शब्द शरीर, म्हणजे बुद्धांच्या अस्थी, कारण शितं तशी दिसतात. नवऱ्याला दान्ना, दान देणारा.

"नाव चांगलं आहे," मामी म्हणाली. "दान काही दिसत नाही."

मामा इतका हसला की गाडी हलली. "उद्या वंदना झाली की हिने हे वाचायचं. सगळे वाट बघतायत. केइको-सानसुद्धा येणार आहे!"

वंदनेची वाट कुणी बघत असल्याचं तो बोलला नाही. ती सगळ्यांनाच येते. मी पालीचा एकेक शब्द घासून पाठ केला होता, आणि तिकडे कुणी बाई त्याच शब्दांत रोजचा भात वाढत होती. आणि ते सगळं सायलीच्या वहीत होतं, सायलीच्या तोडक्या मराठीत. मी खिडकीबाहेर उंट मोजत बसले.

वाटेत इब्रा गावाला एका मलबारी हॉटेलात थांबलो. पराठा, अंडं आणि करक (कडक दुधाचा चहा). "यल्ला, उशीर होतोय," मामा ओरडला आणि सगळे उठले. मी शेवटची. वही टेबलावर होती, वर्तमानपत्राखाली, निळा कोपरा बाहेर. मी ती उचलली नाही. लपवलीही नाही. गाडीत येऊन बसले.

सूरचा समुद्र शांत होता. किनाऱ्यावर मलबारी सागाचं एक गलबत अर्धवट उभं होतं, बरगड्या दिसणारं. रात्री जेवणात कनद (आपली सुरमई) होती. मी माझी तुकडी तशीच ठेवून उठले.

शुक्रवारी सकाळी सायलीने बॅग पालथी केली. "ताई, माझी वही पाहिलीस?"

"नाही," मी म्हटलं.

एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये सतरंजी घातली होती. मूर्तीपुढे मेणबत्त्या, प्लास्टिकची कमळं. "जय भीम, जय भीम" करत लोक बसले. केइको-सान ही पन्नाशीची, बुटकी, राखाडी स्कर्टातली बाई; तिने दारातच चपला जोडीने वळवून ठेवल्या. सायली पुढे बसली होती, डोळे सुजलेले.

मी सुरुवात केली. आवाज बरा लागला. त्रिशरण झालं. तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथे मी अडले. शब्द आठवत होते, पण तोंडातून येईनात. तीस माणसं थांबली. पंखा फिरत होता.

"मुसावादा," सायली हळूच म्हणाली. मी विसरले असं तिला वाटलं. मी गप्पच, तेव्हा तिने पुढचंही सांगितलं, "वेरमणी सिक्खापदं समादियामि." स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. मी तिच्यामागून म्हटलं, लोकांनी माझ्यामागून.

नंतर ती शब्द सांगायला उभी राहिली. चार आठवले, पाचव्याला मराठी अडली आणि ती खाली बसली. केइको-सानने हात जोडून तिला वाकून नमस्कार केला. वंदना छान झाली, असं मला सगळे म्हणाले.

परतताना इब्राला पुन्हा थांबलो, तेव्हा हॉटेलवाल्याने गाडी ओळखली आणि वही घेऊन धावत आला. सायलीने ती छातीशी धरली.

"मी पाहिली होती," मी म्हटलं. "टेबलावर."

मामीने मागे वळून पाहिलं. सायलीने वहीवरची धूळ पुसली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"अशी वही तुझ्याकडे होती, माझ्याकडे नव्हती, म्हणून."

मस्कत येईपर्यंत सायलीने वही हातातून सोडली नाही. चार दिवसांनी विमानतळावर तिने हात हलवला. ताई म्हणून हाक मात्र मारली नाही.

ते शब्द डोंगर, वाळवंट, समुद्र ओलांडून गेले आणि लोकांच्या स्वयंपाकघरात राहिले. मी मात्र ते एवढी वर्षं फक्त पाठ करून ठेवले होते. सायलीचा आणि केइको-सानचा हेवा अजून वाटतो.

मुंबईला आईने माझी बॅग घेता घेता पहिला प्रश्न तोच विचारला.

"चौथ्यावर अडखळली नाहीस ना?"

"अडखळले," मी म्हटलं. "सायलीने सांगितलं."