डबा ठेवून जाणारे

गिरणीत पीठ कोणी साठवत नाही. ते आपोआप साठतं. वाशांवर, दिव्याच्या बटणावर, माझ्या भुवयांवर. झाडून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. किश्शांचं तसंच आहे. अनगोळात आमच्या गल्लीच्या तोंडाला माझी पिठाची गिरणी आहे. चाळीस वर्षं झाली. माझं शिक्षण चौथी. मी बोलतो कमी. पण दळण होईपर्यंत लोक काही ना काही ऐकवतात, आणि ते अंगावर साठत राहतं.

त्यातले बरेच किस्से चौकशीचे. सोयरीक ठरवायच्या आधी पाहुणे गुपचूप गल्लीत येतात आणि घर कसं आहे ते विचारतात. विचारायचं कुणाला? गिरणीवाल्याला. कुठल्या घरात किती तोंडं खातात आणि काय खातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. मी एक नेम पाळला. खोटं सांगायचं नाही आणि विचारलं त्याच्यापेक्षा जास्त सांगायचं नाही.

सांगून झालं की मी माणसाची पाठ बघतो. माझ्या दारातून डावीकडं आमची गल्ली, उजवीकडं बसस्टॉप. पाहुणा डावीकडं वळला की समजायचं, त्या घरी चहाला चालला. जमलं. उजवीकडं वळला की मोडलं. आजवर चुकलेलं नाही.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे यंदा माझ्याच नातीची वेळ आली. पल्लवी खासबागेत एका शाळेत शिकवते. मुलगा निपाणीचा, तिनं स्वतः पसंत केलेला. पण त्याच्या घरी आत्याचा शब्द शेवटचा. आत्यानं निरोप पाठवला, "मी गल्लीत जाऊन विचारून येणार. मग हो का न्हाय ते सांगणार." कधी येणार ते सांगितलं नाही. चौकशीला कोण तारीख सांगून येतं?

सून म्हणाली, "आप्पा, तुम्ही जगाचं सांगितलंत. आता तुमचं कोण सांगणार?"

मी जेवत होतो. जेवत राहिलो.

* * *

चौकशीचा माणूस लांबून ओळखू येतो. इस्त्रीचा शर्ट, आणि हातात डबा नाही.

एकजण हुशार निघाला. त्यानं समोरच्या दुकानातून गहू घेतले आणि पिशवी माझ्यापुढं ठेवली.

"तेवढं दळून द्या की. आणि व्हय, ते कोपऱ्यावरचे पाटील कसे आहेत हो?"

मी सांगितलं, "भाकरी खाणारी माणसं. पाहुणा आला तरी भाकरीच."

हे चांगलं की वाईट, याचा त्यानं उभ्या उभ्या विचार केला. मग डावीकडं वळला. पिशवी विसरला.

आठ दिवसांनी पेढे घेऊन आला. मी त्याच्यापुढं पिठाची पिशवी ठेवली.

"हे काय?"

"तुमची चौकशी. दळून ठेवलीय."

* * *

एकदा धारवाडकडचे दोघं आले. आमच्या गल्लीतल्या एका कन्नड घराची मुलगी बघायची होती. माझ्याकडं बघून एकजण दुसऱ्याला कन्नडमध्ये म्हणाला, "हा म्हातारा काय सांगणार? तोंड बघ, एरंडेल प्यायल्यासारखं."

मी गिरणी बंद केली. आवाज थांबला. म्हटलं, "कुंद्री, हेळतीनि." म्हणजे बसा, सांगतो.

दोघं जे दिसलं त्यावर बसले. ते पिठाचं पोतं होतं. मी सांगितलं, त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि डावीकडं गेले. मागून दोघंही पांढरे.

मुलीच्या बापानं दारातच विचारलं म्हणे, "गिरणीत विचारून आलासा वाटतं?"

* * *

गल्लीत एक वकील राहतात. मुलाच्या सोयरिकीच्या वेळी ते स्वतः गिरणीत आले. हातात टाइप केलेला कागद.

"आप्पा, उद्या कोल्हापूरचे पाहुणे येतील. विचारलं तर हे सांगायचं. मुद्देसूद लिहिलंय."

मी घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. "वकीलसाहेबांचा मुलगा कसा आहे?" मी कागद काढून दिला.

"हे काय?"

"त्यांनीच लिहून दिलंय. मला एवढं पाठ होत नाही."

पाहुण्यांनी सगळा वाचला. निर्व्यसनी, मनमिळाऊ, आज्ञाधारक, एकूण नऊ मुद्दे, खाली बापाची सही. थोरला पाहुणा म्हणाला, "साक्षीदाराची सही राहिली की हो!" आणि हसत हसत सगळे डावीकडं वळले.

लग्न झालं. वकील आता मला वाकून नमस्कार करतात. पण कुठल्याही खटल्यात ह्या माणसाला साक्षीला बोलवायचं नाही, असं त्यांनी ऑफिसात सांगून ठेवलंय.

* * *

आता माझ्या स्वतःच्या नावाचं सांगतो.

गिरणीत दोन जातीची गिऱ्हाइकं असतात. काही उभं राहून दळून नेतात. आपलं पीठ कमी तर नाही ना झालं, दुसऱ्याच्या जोंधळ्यात तर नाही ना मिसळलं, म्हणून दळण संपेपर्यंत नजर हलवत नाहीत. दुसरी डबा ठेवून जातात आणि सवडीनं येऊन नेतात. गिरणीवाल्याची अब्रू म्हणजे ही दुसरी गिऱ्हाइकं. बाकी पाटी रंगवा नाहीतर लाइटिंग करा, उपयोग नाही.

देसाई काकू अकरा वर्षं उभं राहून दळून नेत होत्या. मी एक शब्द बोललो नाही. एक दिवस त्यांनी डबा ठेवला आणि चालू लागल्या. मला वाटलं, जिंकलो. त्या दिवशी मी त्यांचं दळण जरा बारीकच काढलं. संध्याकाळी त्या डबा न्यायला आल्या तेव्हा राहवलं नाही.

"काकू, आज थांबला नाहीत?"

"गुडघं दुखत्यात रं आप्पा."

* * *

मारुती हलगेकर आणि मी एका वर्गात होतो. मी चौथीत थांबलो, तो सातवीत. तो फाउंड्रीत लागला, मी गिरणीत.

एकोणीस वर्षांमागं त्याच्या थोरल्या मुलाला गुंजीची मुलगी सांगून आली. मुलीचा मामा गिरणीत आला.

"पोरगा फाउंड्रीत पर्मनंट हाय म्हंत्यात. व्हय काय?"

मुलाची नोकरी सुटलेली होती. मारुतीनं ती गोष्ट झाकून ठेवली होती. मलाही सांगितली नव्हती. पण डोळ्यांना दिसतं ते दिसतंच. मी एवढंच म्हणालो, "रोज सकाळी अकराला इथनं चहाला जातो."

मामा उजवीकडं वळला.

संध्याकाळी मारुती आला. "न्हाय ठावं म्हटला असतास तर जीभ झडली असती काय रं तुझी?"

"ठावं होतं."

"तेच म्हंतोय मी."

त्या दिवसापासून बोलणं बंद. मुलाला पुढं नोकरी लागली, लग्न झालं, दोन नातवंडं झाली. बोलणं बंद ते बंदच. दळण मात्र दर बुधवारी येतं. मारुती स्वतः येऊन कट्ट्यावर डबा आपटतो, माझ्याकडं न बघता जातो, संध्याकाळी येऊन नेतो. मी समजत होतो, दुसरी गिरणी लांब आहे म्हणून. मग त्याच्या घराला लागूनच नवी गिरणी निघाली. पुढच्या बुधवारी डबा आलाच. जरा जोरात आपटला, एवढंच.

तर सून म्हणाली, "आप्पा, निपाणीच्या आत्या नेमक्या मारुती अण्णांनाच भेटल्या तर? जाऊन दोन शब्द बोलून या की."

"जाणार नाही."

"मग मी लाडू घेऊन जाते."

"तेही नाही. कुणाला पढवायचं नाही."

मला वकिलाचा कागद आठवत होता.

* * *

पल्लवीनं मधे मोबाइलच्या नकाशावर गिरणी टाकली. लोक तिथं स्टार देतात म्हणे. बऱ्याच जणांनी पाच दिले. एकानं एकच दिला आणि खाली लिहिलं, "पीठ उत्तम. मालक माणसाशी बोलत नाही."

मी म्हटलं, "पीठ उत्तम म्हणतो, मग चार स्टार कुठं ठेवले?"

"ते तुमच्या तोंडाचे कापले, आप्पा."

"निपाणीची आत्या हे बघते काय?"

"तिच्याकडं बटणाचा मोबाइल आहे."

मला जरा बरं वाटलं. मग ती मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "आप्पा, आत्या न्हाय म्हणाली तर?"

"तर न्हाय."

ती उठून आत गेली. तसं बोलायला नको होतं. पण पिठाचे परत गहू होत नाहीत. दुसऱ्या दिवशी गिरणीत आलेल्या तीन माणसांना मी आपणहून विचारलं, "बरं आहे ना?" तिघंही घाबरून माझ्याकडं बघायला लागले. एकानं घरी कोण गेलं का म्हणून विचारलं.

* * *

दगड झिजून गुळगुळीत झाले की पीठ जाडं पडतं. मग त्यांना टाकी लावावी लागते, म्हणजे छिन्नी-हातोडीनं ठोकून पुन्हा खरखरीत करायचं. गेल्या महिन्यात एका बुधवारी मी शटर अर्ध्यावर ओढून आत ठोकत बसलो होतो. बाहेर डबा आपटल्याचा आवाज आला. शटरखालून मारुतीच्या वहाणा दिसल्या. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं बाईमाणसाच्या चपला आल्या आणि नऊवारीचा काठ.

"का हो, गिरणी बंद?"

"टाकी लावतोय आत. ठोकतोय ते ऐकू येतंय न्हवं?"

मी ठोकायचं थांबलो.

"मी निपाणीची," बाई म्हणाली. "ह्या गिरणीवाल्यांच्या नातीला आमच्यात करायचं चाललंय. माणूस कसा हाय?"

एकोणीस वर्षं मारुती ह्याच घडीची वाट बघत असणार. मी हातोडी धरून तसाच बसलो. शटर वर करून बाहेर यायला मला दोन पावलं पुरली असती. उठलो नाही.

"त्याचं नि माझं बोलणं न्हाय," मारुती म्हणाला. "एकोणीस वर्षं झाली."

"का वो?"

"लई वाईट तोंड. माझ्या पोराची सोयरीक मोडली त्यानं."

"खोटं सांगून?"

"खरं सांगून."

चपला जरा उजवीकडं सरकल्या. मी आत डोळे मिटून घेतले. पल्लवी त्या वेळी शाळेत पोरांना शिकवत असेल.

"मग तुमच्याकडं दुसरी गिरणी न्हाय काय?" आत्यानं विचारलं.

"हाय की. माझ्या भिंतीला लागून."

"आणि डबा हितं आणतासा?"

"आणतो."

"उभं राहूनच दळून नेत असशिला मग."

"उभं कशाला राहायचं?" मारुती म्हणाला.

मी डोळे उघडले. चपला थोडा वेळ तिथंच होत्या. मग डावीकडं वळल्या. मारुतीही गेला. गिरणी बंद होती, तरी डबा शटरजवळ तसाच होता.